जुन्या इस्पितळाला नवे काम

एखादी इमारत ज्या कामासाठी बांधली ते काम संपले, तर त्या इमारतीचे काय करावे? पाडून टाकावी, कुलूप लावून ठेवावी, की तिला दुसरे काम द्यावे?

आपल्या खानदेशातील धाब्याचे घर आठवा. घरात माणसे राहत असली, तर पावसाळ्यापूर्वी धाब्यावर खारी माती टाकली जाते. घर बंद असले, तर ही काळजी कोणी घेत नाही. धाबे गळते, लाकूड कुजते, भिंतीत पिंपळ रुजतो आणि काही वर्षांत घर कोसळते. मोठ्या इमारतींचेही असेच असते. हे समजण्यासाठी गोव्यातील दोन इस्पितळांची हकिकत पाहू. उर्दूत आपण ज्याला शिफाखाना म्हणतो, त्यालाच मराठीत रुग्णालय किंवा इस्पितळ म्हणतात. इस्पितळ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आला आहे.

१५१० साली पोर्तुगीजांनी गोवा जिंकले. जुने गोवे या त्यांच्या राजधानीत त्यांनी राजाच्या नावाने एक इस्पितळ उभारले. १६०८ साली पिरार द लावाल नावाचा एक फ्रेंच प्रवासी तेथे आजारी अवस्थेत दाखल झाला. मायदेशी परतल्यावर त्याने आपल्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. ते १६११ साली पॅरिसमध्ये छापले गेले. त्यात त्याने या इस्पितळाचे फार कौतुक केले आहे. बाहेरून पाहिल्यावर ते इस्पितळ नसून राजवाडाच वाटे, असे तो सांगतो. मात्र त्याचे दार सर्वांसाठी उघडे नव्हते. ते मुख्यतः पोर्तुगीज शिपायांसाठी व इतर युरोपीय लोकांसाठी होते.

पुढे साथीच्या रोगांमुळे लोक जुने गोवे सोडून जाऊ लागले. शहर ओस पडले. वापरायला आणि डागडुजी करायला माणसेच उरली नाहीत, तेव्हा तेथील कितीतरी इमारती ढासळल्या. पिरारने वाखाणलेले ते इस्पितळ आज उभे नाही.

आता दुसरी इमारत पाहा. १८४२ साली पोर्तुगीज सरकारने गोव्यात वैद्यकशाळा स्थापन केली. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज त्यानंतर तीन वर्षांनी, म्हणजे १८४५ साली सुरू झाले. गोव्याची ही शाळा आणि तिचे इस्पितळ पणजीत मांडवी नदीच्या काठी होते. तेथे गोव्यातील तरुण शिकून डॉक्टर झाले. १९६१ साली गोवा मुक्त झाला आणि १९६३ साली या शाळेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले. रुग्ण वाढले, जागा अपुरी पडू लागली. म्हणून १९९० नंतरच्या दशकात कॉलेज व रुग्णालय बांबोळी येथील प्रशस्त जागेत गेले.

पणजीची जुनी इमारत रिकामी झाली. परंतु तिच्यावर जुन्या गोव्याच्या इस्पितळासारखी वेळ आली नाही. २००४ साली भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव प्रथमच गोव्यात भरला. त्यासाठी या इमारतींची दुरुस्ती झाली आणि त्याच आवारात नवी चित्रपटगृहे बांधली गेली. एप्रिल २००७ मध्ये गोव्याच्या चित्रकारांचे ‘अपरान्त’ हे प्रदर्शनही जुन्या इमारतीत भरले.

इस्पितळात चित्रांचे प्रदर्शन कसे भरू शकते, असे तुम्हांला वाटेल. याचे उत्तर बांधणीत आहे. रुग्णांना मोकळी हवा व उजेड मिळावा म्हणून जुन्या इस्पितळांत लांब दालने, उंच छत आणि मोठ्या खिडक्या ठेवत. रुग्णाला उचलून नेता यावे म्हणून वाटा रुंद ठेवत. चित्रे पाहायला येणाऱ्या लोकांनाही उजेड आणि ऐसपैस जागाच हवी असते. म्हणजे काम बदलले, तरी मूळ रचना मोडावी लागत नाही.

इतर देशांतही असे झाले आहे. दमास्कस शहरात सुलतान नूरुद्दीन यांनी ११५४ साली बांधलेल्या बीमारिस्तानात १९७८ साली वैद्यकाचे संग्रहालय उघडले. फ्रान्समधील लिआँ शहराचे ओतेल-द्यू हे शेकडो वर्षांचे रुग्णालय २०१० साली बंद झाले. २०१८ साली तेथे दुकाने सुरू झाली आणि पुढच्या वर्षी मोठे हॉटेल उघडले. इमारत वाचली, पण जेथे गरीब रुग्ण येत, तेथे आता पैसेवाल्यांसाठी महागड्या खोल्या आहेत.

म्हणून केवळ इमारत वाचवणे पुरेसे नाही. तिला कोणते काम द्यावे आणि तिचे दार कोणासाठी उघडे राहावे, हेही ठरवावे लागते. तुमच्या गावात एखादी जुनी इमारत बंद पडली असेल, तर वडीलधाऱ्यांकडून तिची माहिती मिळवा. मग आपसांत विचार करा : तिथे वाचनालय चालेल का? दवाखाना? मुलांसाठी अभ्यासिका? असा विचार वेळेवर झाला, तर भिंतीत पिंपळ रुजणार नाही.