कार्बनची चाकं घेऊ का, सर?

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी सायकल हाणतो. त्यामुळे यवतमाळातली सायकलवेडी पोरं हक्कानं विचारतात, "सर, कार्बनचे चाकं घेऊ काय?" विचारणाऱ्याच्या मोबाइलवर फोटो तयारच असतो. काळी कुळकुळीत, ५० मिलिमीटर उंच रिमची जोडी, किंमत चाळीस हजारांच्या घरात. त्याची अख्खी सायकल तेवढ्याची असते. मी हो किंवा नाही म्हणण्याआधी एवढंच विचारतो, की बाबा, तू सपाटीवर तासाला किती किलोमीटर जातोस?

सगळा हिशेब त्या एका आकड्यावर बसतो. सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या पुढं गेलं, की पायातली बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्च होते, आणि ही ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट शक्ती लागते. चाकांच्या जाहिरातींतले आकडे बहुधा ताशी ४५ किलोमीटरला मोजलेले असतात, कारण व्यावसायिक शर्यतींचा वेग तिथं असतो. समजा त्या वेगाला नवी चाकं १५ वॅट वाचवतात. दारव्हा रोडला ताशी ३२ नं जाणाऱ्या आपल्या पोराला त्यातले पाच-साडेपाच वॅटच मिळतात. तो १८० वॅट लावत असेल, तर वेग जेमतेम एक टक्का वाढेल. ४० किलोमीटरच्या टाइम ट्रायलमध्ये याचा अर्थ पाऊण मिनिट. शर्यतीत पाऊण मिनिट कमी नसतं, हे मीही मानतो. फक्त तेच पाऊण मिनिट दुसरीकडं किती रुपयांत मिळतं, ते बघून घ्यावं.

सायकल आणि माणूस मिळून हवेला जो अडथळा होतो, त्यातला साधारण पाऊण हिस्सा माणसाच्या अंगाचा असतो. फडफडणारा टी-शर्ट, रुंद धरलेली कोपरं, ताठ पाठ. हँडलला एअरोबार लावून, कोपरं आत घेऊन तासभर त्याच बैठकीत राहायची सवय केली, तर ३० वॅट वाचणं अवघड नाही. अंगाला चिकटणारी जर्सी घातली की आणखी थोडे. १९८९ च्या टूर द फ्रान्सचा शेवटचा दिवस सायकलवाल्यांना पाठ असतो. व्हर्सायहून पॅरिसपर्यंत २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल होती आणि फ्रान्सचा लॉराँ फिनियाँ ५० सेकंदांनी पुढे होता. त्याच्या सायकलला पुढं-मागं दोन्हीकडं डिस्क चाकं होती. डोक्यावर मात्र हेल्मेट नव्हतं, मागं शेंडी उडत होती. अमेरिकेच्या ग्रेग लमाँडनं एअरोबार आणि वाऱ्यासाठी घडवलेलं हेल्मेट वापरलं, त्या दिवशी ५८ सेकंद काढले आणि ८ सेकंदांनी टूर जिंकली. चाकं फिनियाँकडं जास्त होती, बैठक लमाँडची चांगली होती.

यानंतर टायर. सायकलसोबत आलेले तारेच्या कडेचे जाड टायर आणि चांगले रेसिंग टायर यांच्यात ताशी ३० च्या आसपास दोन्ही चाकं मिळून दहा-पंधरा वॅटचा फरक पडतो. म्हणजे आपल्या वेगाला कार्बनच्या जोडीपेक्षा जास्त, आणि खर्च तिच्या पाव हिश्शाच्या आसपास. अडचण एकच, आपल्याकडची बाभूळ आणि सराटे. पातळ टायर सरावाला वापरलात तर दर रविवारी पंक्चर काढत बसाल. सराव जाड टायरवर करा, रेसिंग टायर घडी करून ठेवा आणि शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी चढवा.

एवढं करूनही पैसे उरले असतील, तर चाकांचं बोलू. पोरांना वाटतं रिम जितकी उंच तितकी वेगवान. बंद खोलीत, समोरून येणाऱ्या वाऱ्यात ते बऱ्यापैकी खरंही आहे. आपल्याला मात्र चाक हायवेवर चालवायचं असतं. वडकी-करंजी-पांढरकवडा-पाटणबोरी हा चव्वेचाळीस नंबरचा राष्ट्रीय महामार्ग उत्तर-दक्षिण जातो, आणि जून ते ऑगस्ट आपल्याकडं वारा पश्चिमेचा. म्हणजे तो बरोबर कुशीत बसतो. त्यात हैदराबादच्या दिशेचे ट्रक. ट्रक जवळ आला की आधी हवा तुम्हाला बाहेर ढकलते, तो बाजूनं जाताना वारा अचानक तुटतो आणि पुढच्या क्षणी दुप्पट जोरानं परत येतो. मागच्या चाकावर तुमचं वजन असतं आणि ते वळत नाही, म्हणून तिथं उंच रिम निमूट सहन होते. पुढचं चाक हँडलला बांधलेलं असतं. ६० मिलिमीटरची रिम पुढं लावली, की प्रत्येक झोतासरशी हँडल हिसका खातं, माणूस एअरोबार सोडून ब्रेकवर हात नेतो आणि उठून बसतो. उठून बसला की बैठकीनं वाचवलेले ३० वॅट गेले. हवाईच्या जगप्रसिद्ध आयर्नमॅन शर्यतीत आडव्या वाऱ्यापायीच डिस्क चाकाला वर्षानुवर्षं बंदी राहिली, यावरून काय ते समजा.

माझं मत स्पष्ट आहे. साठ-पासष्ट किलोच्या पोरानं पुढं ३५ ते ४० मिलिमीटरच्या वर जाऊ नये. मागं हवं तेवढं उंच घ्या. पुढं-मागं वेगळी उंची दिसायला विचित्र वाटते, पण व्यावसायिकही तशी वापरतात.

उंचीपेक्षा रुंदीकडं लोकांचं लक्ष कमी जातं. रिमची बाहेरची रुंदी फुगलेल्या टायरपेक्षा निदान पाच टक्के जास्त हवी. तरच टायरवरून आलेली हवा रिमला चिकटून पुढं सरकते, नाहीतर कडेवरच सुटते आणि उंच रिमचे पैसे पाण्यात. २८ चा टायर लावणार असाल तर रिम बाहेरून निदान साडेएकोणतीस मिलिमीटर पाहिजे. जुनी, अरुंद, उंच रिम स्वस्तात मिळते ती याचमुळं. आणि रुंद रिम तुमच्या ब्रेकच्या चिमट्यात आणि फ्रेममध्ये बसते का, हे पैसे देण्याआधी मोजून बघा.

आता खरी यवतमाळची गोष्ट, म्हणजे दुरुस्तीची. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ मध्ये दोघांच्या गटात रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्यानं पूर्ण केली. जवळजवळ पाच हजार किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. असल्या शर्यतीत मागं गाडी असते, गाडीत सुटी चाकं असतात, चाक बदलणारी माणसं असतात. आपल्या मागं कोणी नसतं. आर्णीच्या पुढं स्पोक तुटला, तर जो मिस्त्री भेटेल तोच आपला. मी एकदा अशी एक जोडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं आउट काढायला नेली. त्यानं चाक फिरवलं, रिमवर बोट फिरवलं आणि विचारलं, "याचे निपल कोठी हायेत सर?" स्पोक आवळायचे निपल रिमच्या पोटात होते. टायर उतरवा, टेप काढा, मग चावी लावा. वाऱ्याला बरं, दुरुस्तीला वैताग. म्हणून निपल बाहेर दिसणारे, स्पोक निदान २४, साधे जे-वळणाचे, आणि हबला बाजारात मिळणारे बेअरिंग, एवढं बघूनच घ्या. शे-दीडशे ग्रॅम वजन वाढलं तर वाढू द्या. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो ओढताना ते चढावरही कळत नाही.

फ्रीहबवर तुमची कॅसेट बसते का, ॲक्सल क्विक रिलीजचा की आरपार दांड्याचा, डिस्क सहा स्क्रूंची की सेंटरलॉकची, हे दुकानदाराला लेखी विचारा. परदेशातून आलेला माल परत पाठवणं म्हणजे चाकापेक्षा मोठा खर्च.

दोन गोष्टींत मात्र काटकसर नको. रिमवर दाबणारे जुन्या पद्धतीचे ब्रेक असतील, तर स्वस्तातली कार्बन रिम घेऊच नका. करळगावच्या घाटात उतरताना ब्रेक धरून ठेवलात की रिम तापते, आतला राळेचा थर मऊ होतो आणि रिमची कड फुगते. अशांनी ॲल्युमिनियमची ब्रेकची कडा असलेली रिम घ्यावी. डिस्क ब्रेकवाल्यांना ही भीती नाही. दुसरं, हुकलेस रिम, म्हणजे टायर अडकवायची आकडी नसलेली. तिच्यावर फक्त त्यासाठी मान्य असलेले ट्यूबलेस टायरच चालतात आणि हवा ७२.५ पीएसआयच्या वर भरायची नसते. आपल्या उन्हाळ्यात हे विसरून चालत नाही. पहाटे २५ अंशाला ७० भरलेला टायर ४५ अंशाला ७५ च्या वर जातो. बंद गाडीच्या डिकीत आणखी वर.

आता सगळ्यात स्वस्त उपाय, जो मी वापरतो आणि ज्याला पोरं हसतात. मागच्या साध्या चाकाला झाकण. इटलीच्या फ्रान्सेस्को मोझेरनं १९८४ मध्ये मेक्सिको सिटीत डिस्क चाकांवर तासाला ५० किलोमीटरची वेस ओलांडली, तेव्हापासून भरीव चाकाचा फायदा जगाला माहीत आहे. साइनबोर्डवाल्याकडून एक मिलिमीटरपेक्षा पातळ प्लास्टिकची शीट आणायची. ब्रेकची कडा मोकळी राहील एवढ्या मापाचे दोन गोल कापायचे. मधोमध उजवीकडं कॅसेटएवढं आणि डावीकडं हबएवढं भोक. मग केंद्रापासून कडेपर्यंत एक सरळ चीर द्यायची आणि चिरेच्या कडा एकमेकींवर सरकवल्या, की गोलाचा उथळ शंकू होतो. इथं लोक चुकतात. मागच्या चाकात कॅसेटला जागा द्यायची म्हणून उजवीकडचे स्पोक जवळजवळ उभे असतात आणि डावीकडचे तिरपे. म्हणून डावा शंकू जास्त खोल, उजवा जवळजवळ सपाट. दोन्ही सारखे केलेत तर उजवीकडचं झाकण फुगून साखळीला घासतं. दोन्ही झाकणं स्पोकांमधून सहा-आठ नायलॉनच्या बारीक बोल्टांनी एकमेकांना बांधायची, व्हॉल्व्हसमोर खिडकी कापून तिला टेप मारायची. डिस्क ब्रेक असेल तर डावीकडचं भोक रोटरपेक्षा मोठं ठेवायचं. खर्च पाच-सातशे रुपये, वजन तीन-चारशे ग्रॅम, खडबडीत रस्त्यावर ढमढम आवाज, आणि फायदा खऱ्या डिस्क चाकाच्या बऱ्याच जवळ. पुढच्या चाकाला हे कधीच करायचं नाही. शर्यतीच्या आयोजकांना आधी विचारायचं, कारण आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या नियमांत असली झाकणं बसत नाहीत. गावपातळीवरच्या टाइम ट्रायलमध्ये सहसा कोणी अडवत नाही.

जुनी चाकं घेत असाल, तर रिमच्या प्रत्येक निपलभोवती उजेड धरून बारीक तडा बघा, ब्रेकची कडा नखानं चाचपा, हब हातात धरून हलवा. विकणारा टायर उतरवून दाखवत नसेल तर सौदा सोडा.

सप्टेंबर २०२५ पासून सायकलीच्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, एवढा दिलासा आहे. माझा सल्ला असा. दहा हजार असतील तर टायर आणि जर्सी. पंधरा असतील तर त्यात एअरोबार आणि मागचं झाकण. चाळीस हजार खरंच मोकळे असतील आणि ताशी ३५ नं तासभर जाता येत असेल, तर घ्या कार्बन, पुढं ४० आणि मागं ५०-६० मिलिमीटर. मात्र चाकांबरोबरच ८० मिलिमीटर व्हॉल्व्हच्या निदान चार ट्यूब मागवा. साध्या ट्यूबचा व्हॉल्व्ह उंच रिमच्या बाहेरच येत नाही, आणि लांब व्हॉल्व्हची ट्यूब यवतमाळात ऐनवेळी मिळत नाही.