जुना रंग काढताना

रत्नागिरीतल्या जुन्या घरांत सागाच्या किंवा फणसाच्या दारावर ऑइल पेंटचे कित्येक थर सापडतात. तळच्या थरांत शिसे असू शकते. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसे असू नये, हा नियम देशात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग संशयितच धरावा.

खरा धोका धुळीचा. कोरडा पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर मारू नका. लाकूड पाण्याने ओले ठेवून रंग खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, एन-९५ मास्क नीट बसवा. ब्लो लॅम्प तर नकोच: त्याच्या आचेने शिशाची विषारी वाफ होते. रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरला तर साग काळवंडतो. काम संपेपर्यंत लहान मुले आणि गरोदर बाई त्या खोलीत येता कामा नयेत. झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा; कामाचे कपडे वेगळे धुवा.

आपल्याकडे जुनी फळकुटे सर्रास न्हाणीच्या चुलीत जातात आणि राख माडाच्या आळ्यात. रंगवलेले लाकूड असे कधीही जाळू नका. शिसे जळून नष्ट होत नाही, ते धुरात आणि राखेत उरते. रंग टिकून असेल, पोपडे सुटत नसतील, तर तो न खरवडता वरून नवा हात देणेच उत्तम.