रंगमंचीय संदेशवहन, बिनतारी

रंगमंचीय संदेशवहन, बिनतारी : नाटक, संगीत किंवा नृत्य यांचा प्रयोग चालू असताना रंगमंचावरील कलावंत आणि ध्वनी, प्रकाश, नेपथ्य इ. विभागांतील तंत्रज्ञ यांच्यात, प्रेक्षकांच्या लक्षात न येता, रेडिओ तरंगांच्या साहाय्याने होणारी संदेशांची देवाणघेवाण. प्रयोग सुरू झाल्यावर कलावंताला तंत्रज्ञाशी उघडपणे बोलता येत नाही. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही, वरून सुटणारा पडदा अडकला आहे किंवा प्रकृती बिघडली आहे, हे सांगण्याचे साधन त्याच्यापाशी असावे, हा या व्यवस्थेचा हेतू होय.

पूर्वपीठिका : ही गरज रेडिओच्या शोधापेक्षा जुनी आहे. मराठी रंगभूमीवर विंगेत संहिता घेऊन बसणारा प्रॉम्प्टर नटाला विसरलेले वाक्य हलक्या आवाजात पुरवीत असे. तिसरी घंटा ही प्रेक्षकांइतकीच पडद्यामागील मंडळींनाही सूचना असते. मैफलीत गायक हाताच्या वा नजरेच्या खुणेने ध्वनिनियंत्रकाला आवाज वाढविण्यास सांगतो. या सर्व साधनांना अंतराची मर्यादा आहे. शिवाय खूण दिसण्यासाठी तंत्रज्ञाची नजर त्या क्षणी कलावंताकडे असावी लागते.

नभोवाणी केंद्रांत या प्रश्नाची सोडवणूक प्रथम तारेने झाली. ध्वनिमुद्रण कक्ष व नियंत्रण कक्ष यांत जाड काच असल्याने तांबडा दिवा, हाताच्या खुणा आणि दोन कक्षांना जोडणारी बोलण्याची स्वतंत्र वाहिनी यांवर काम चाले. नागपूर येथे आकाशवाणीचे केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले, तेव्हा अशी कार्यपद्धती नभोवाणीत रूढ झालेली होती. रंगमंचासाठी कमरेला लावावयाचे खोके व कर्णसंच यांची तारयुक्त व्यवस्था पुढे प्रचारात आली. अमेरिकेत सॅन फ्रॅन्सिस्को येथे १९६८ मध्ये स्थापन झालेली क्लिअर-कॉम ही संस्था या क्षेत्रात अग्रेसर ठरली. तारेमुळे तंत्रज्ञांची सोय झाली. परंतु हिंडणाऱ्या, नाचणाऱ्या नटाला तारेने बांधणे शक्य नव्हते.

रचना व कार्य : बिनतारी व्यवस्थेत दोन स्वतंत्र मार्ग असतात. तंत्रज्ञाकडून कलावंताकडे येणाऱ्या मार्गात नियंत्रण कक्षातील प्रेषक, कलावंताच्या कपड्यांत दडविलेला ग्राही आणि कानात बसणारी लहान श्रवणी हे घटक असतात. या मार्गाने गायकाला साथीचा व स्वतःचा आवाज, तर नटाला सूचना ऐकू येते. कलावंताकडून तंत्रज्ञाकडे जाणाऱ्या मार्गात कलावंताच्याच ध्वनिग्राहकाचा उपयोग होतो. पायाने दाबावयाची कळ दाबली, की त्याचा आवाज सभागृहातील ध्वनिवर्धकांकडे न जाता केवळ तंत्रज्ञांच्या कानांत जातो. ही कळ दाबून धरली असेपर्यंतच चालणारी असावी. ती एका बाजूला टेकून राहणारी असल्यास खाजगी बोलणे सभागृहभर ऐकू जाण्याचा किंवा कलावंताचे गाणेच प्रेक्षकांना ऐकू न येण्याचा धोका असतो.

अंकीय पद्धतीत आवाजाचे अंकांत रूपांतर व पुन्हा आवाजात परिवर्तन होण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मी. असल्याने १० सहस्रांश सेकंदांचा विलंब म्हणजे ध्वनी सुमारे ३.४ मी. अंतरावरून येण्यासारखे होय. सूचना ऐकण्यास याची अडचण नसते. परंतु स्वतःचा आवाज इतक्या विलंबाने कानी पडल्यास गायकाचे चित्त विचलित होते.

रेडिओ तरंगांच्या अडचणी : ६०० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी ५० सेंमी., तर २.४ गिगॅहर्ट्‌झच्या तरंगाची १२.५ सेंमी. असते. भिंती व लोखंडी सांगाड्यावरून परावर्तित झालेले तरंग मूळ तरंगांत मिसळून काही ठिकाणी परस्परांना नाहीसे करतात. त्यामुळे नट दोन पावले सरकताच संदेश तुटू शकतो. यासाठी ग्राहीला परस्परांपासून दूर असे दोन आकाशक जोडतात व ज्यावरील संकेत प्रबळ असेल तो निवडला जातो. अनेक प्रेषक एकत्र वापरल्यास नव्या कंप्रताही निर्माण होतात. उदा., ६०० व ६०१ मेगॅहर्ट्‌झच्या प्रेषकांमुळे ५९९ व ६०२ मेगॅहर्ट्‌झवर उपद्रव होतो. म्हणून कंप्रता समान अंतरावर न ठेवता हिशेबाने निवडाव्या लागतात.

मानवी शरीरातील पाणी उच्च कंप्रतेचे तरंग शोषून घेते आणि प्रेक्षकांजवळील भ्रमणध्वनी २.४ गिगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यात गर्दी करतात. त्यामुळे रिकाम्या सभागृहातील तालमीत निर्दोष चाललेली यंत्रणा भरलेल्या सभागृहात कोलमडू शकते. नागपूरच्या रेशीमबाग येथे २०१७ मध्ये खुले झालेल्या कविवर्य सुरेश भट सभागृहासारख्या, सुमारे दोन हजार आसनांच्या वास्तूत ही बाब विशेष ध्यानात घ्यावी लागते.

भारतात बिनतारी साधने बाळगण्यास १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमान्वये परवाना आवश्यक करण्यात आला. पुढे या क्षेत्रासाठी दूरसंचार अधिनियम, २०२३ हा नवा कायदा करण्यात आला. २.४ गिगॅहर्ट्‌झचा पट्टा अल्पशक्तीच्या साधनांसाठी २००५ मध्ये परवानामुक्त झाला. ७०० मेगॅहर्ट्‌झच्या पट्ट्यातील लहरी २०२२ च्या लिलावात भ्रमणध्वनी सेवेसाठी विकल्या गेल्या. त्यामुळे त्या पट्ट्यातील जुने ध्वनिग्राहक वापरणे धोक्याचे ठरते.

पूर्व विदर्भातील परंपरा : बंदिस्त नाट्यगृहाहून वेगळी परिस्थिती झाडीपट्टी रंगभूमीवर आढळते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) हे नाटक मंडळ्यांचे प्रमुख केंद्र असून नागपूरचे कलावंतही या प्रयोगांत भाग घेतात. प्रयोग मंडपात रात्रभर चालतात आणि गायन-वादनाची साथ प्रत्यक्ष असते. एकाच हंगामात निरनिराळी नाटके करावी लागत असल्याने येथे प्रॉम्प्टरचे महत्त्व टिकून राहिले. पद्मश्री (२०२३) परशुराम खुणे यांच्यासारख्या नटांनी शेकडो भूमिका केल्या, त्या याच रंगभूमीवर. प्रॉम्प्टर केवळ वाक्य पुरवीत नाही. तो नटाचा श्वास ओळखतो व विराम आणि विस्मरण यांतील भेद जाणतो. कानातील श्रवणी हा भेद स्वतः करू शकत नाही. तो तिच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसानेच करावयाचा असतो.

संकेत व दक्षता : यंत्रणेइतकीच बोलण्याची शिस्त महत्त्वाची असते. रंगमंच व्यवस्थापक प्रथम ‘तयार’ अशी पूर्वसूचना देतो व ‘चला’ हा शब्द केवळ कृतीच्या क्षणीच उच्चारतो. एरवी तो शब्द वाहिनीवर वर्ज्य मानतात. कलावंताच्या कानात एकाच व्यक्तीने, थोडक्या शब्दांत व संवाद चालू नसताना बोलावे. प्रत्येक प्रयोगापूर्वी नवे किंवा पूर्ण भारित विद्युत् घट घालावेत. वरून उतरणारे नेपथ्य, रंगमंचातील झडपा, अग्नी किंवा विद्युत् यांचा संबंध असलेली कृती केवळ बिनतारी संदेशावर अवलंबून ठेवू नये. तिच्यासाठी तारेने जोडलेला दिवा आणि प्रत्यक्ष पाहणारा माणूस नेमावा. श्रवणी बंद पडल्यास कोणती खूण करावयाची, हे तालमीतच ठरलेले असले पाहिजे. कानाला स्पर्श करणे किंवा हात छातीवर ठेवणे यांसारखी, भूमिकेत सहज सामावणारी खूण त्यासाठी निवडतात. ती पाहण्यासाठी विंगेत कोणी तरी नजर लावून उभे असणे, ही गरज बिनतारी साधनांच्या आगमनानंतरही कायम राहिली आहे. [⟶ नाट्यगृह, रंगभूमी].