सिकंदराचा म्हातारा सेनापती

सिकंदर आणि दारा ही नावे उर्दू शायरीमुळे आपल्या घरांत रुळलेली आहेत. पण सिकंदराच्या फौजेची डावी बाजू सांभाळणाऱ्या पार्मेनियनचे नाव आम्ही शिक्षकसुद्धा वर्गात क्वचितच घेतो.

पार्मेनियन मुळात सिकंदराच्या वालिदांचा, म्हणजे मॅसिडोनियाचा राजा फिलिप याचा माणूस. अथेन्सवाल्यांना दरसाल दहा सेनापती मिळतात, मला मात्र आयुष्यात एकच मिळाला, असे फिलिप त्याच्याविषयी म्हणे. इ.स.पू. ३३६ मध्ये फिलिपचा खून झाला, तेव्हा पार्मेनियन आशियात फौज घेऊन पुढे गेलेला होता. तख्तावर बसताच वीस वर्षांच्या सिकंदराने अत्तालस या सरदाराचा काटा काढला. हा अत्तालस पार्मेनियनचा जावई, तरी सासरा आड आला नाही. वफादारीची ही किंमत आम्हाला खटकते.

ग्रॅनिकस, इसस आणि गौगमेला या तिन्ही लढायांत डावी बाजू त्याच्याकडेच होती. सिकंदर उजवीकडून घोडदळासह मुसंडी मारायचा आणि तोवर शत्रूचा मारा डावीने झेलायचा. मुसंडीचे नाव होते, झेलणाऱ्याचे होत नाही. इ.स.पू. ३३१ मध्ये गौगमेलाला इराणी घोडदळाने डावी बाजू घेरली, तेव्हा त्याने मदत मागितली. दरबारी इतिहासकार कॅलिस्थेनिसने पुढे त्यालाच सुस्त ठरवले. जुन्या किश्श्यांत पार्मेनियन नेहमी चुकीचा सल्ला देतो आणि सिकंदर तो झटक्यात उडवून लावतो. असे किस्से त्याच्या मृत्यूनंतर कोणाच्या सोयीचे होते, हे वाचकांनीच ताडावे.

त्याचे तीन मुलगे याच मोहिमेत होते. हेक्टर नाईल नदीत बुडाला, निकानोर आजाराने गेला. उरला फिलोटास, घोडदळाचा प्रमुख. इ.स.पू. ३३० मध्ये, आजच्या अफगाणिस्तानात तळ असताना, बादशहाविरुद्धच्या कटाची खबर कानावर येऊनही त्याने ती पोहोचवली नाही, असा आरोप झाला. त्याचे हाल केले गेले आणि फौजेसमोर त्याला ठार मारले.

बाप तेव्हा दूर हमदानला होता, जिथे पुढे इब्न सीना दफन झाले त्याच शहरात. वय सत्तरीचे, हाताशी मोठी फौज आणि इराणचा प्रचंड खजिना. त्याच्याविरुद्ध पुरावा काहीच नव्हता. पण मुलाच्या मृत्यूची बातमी त्याला आधी कळली असती तर? सिकंदराने पोलिडामस या त्याच्याच मित्राला वेगवान सांडणीवरून पाठवले आणि त्याचे भाऊ ओलीस ठेवले. महिन्याहून अधिकची वाट त्याने अकरा दिवसांत कापली.

म्हाताऱ्याने मित्राला आनंदाने जवळ घेतले. तो पत्र वाचत असतानाच क्लिएंडर आणि इतर सरदारांनी त्याला भोसकले. हे सरदार त्याच्याच हाताखालचे. सैनिक बिथरले आणि मय्यत आमच्या ताब्यात द्या म्हणून अडून बसले. शेवटी धड त्यांना दफनासाठी मिळाले, शिर मात्र सिकंदराकडे रवाना झाले. पुढे सहा वर्षांनी त्या क्लिएंडरलाही सिकंदराने मृत्युदंड दिला.