बंदुकीविना राखीव दल
(जंगलपट्टीतला बंदोबस्त : लेखांक ५)

चंद्रपूर-गडचिरोलीत स्थानिक तरुणांचे स्वयंसेवी राखीव पोलिस दल उभारावे का, हा प्रश्न निघाला की पहिली हरकत पोलिसांकडूनच यायला हवी. ब्रिटनमध्ये ती येते. १९१८-१९च्या पोलिस संपांनंतर तिथे पोलिस फेडरेशन स्थापन झाली, आणि बिनपगारी ‘स्पेशल कॉन्स्टेबल’ नियमित शिपायाची जागा घेणार असतील तर ती सरकारला जाब विचारते. आपल्याकडे १८ ऑगस्ट १९८२ रोजी राज्य सरकारने पोलिस कर्मचाऱ्यांच्या संघटनेची मान्यता काढली, नेत्यांना पकडले आणि मुंबईत शिपाई रस्त्यावर उतरले. आठच दिवसांनी, २६ ऑगस्टला, चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. म्हणजे तिथल्या पोलिस दलाने स्वतःची संघटना कधी पाहिलीच नाही. पण बोलायला कोणी नाही म्हणून हरकत निकालात निघत नाही. माझे मत अशा दलाच्या बाजूचे आहे, आणि म्हणूनच पोलिसांचे म्हणणे आधी मांडणे मला भाग आहे.

ते म्हणणे असे असेल : अर्धवट शिकवलेला, कमी पैशात मिळणारा माणूस वर्दीत उभा केला की तोही मरतो आणि लोकांनाही मारतो. याचा पुरावा इंद्रावतीपलीकडेच आहे. बस्तरमध्ये २००५ पासून माओवाद्यांविरुद्धच्या सलवा जुडूम मोहिमेच्या काळात आदिवासी पोरांना विशेष पोलिस अधिकारी नेमले गेले. पाचवीपर्यंतचे शिक्षण पुरेसे मानले, महिना तीन हजारांच्या मानधनावर हाती बंदूक दिली. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे घटनाबाह्य ठरवून बंदुका काढून घ्यायला सांगितल्या. गडचिरोलीने १९९० मध्ये माओवाद्यांशी लढणारे सी-६० पथक उभारताना वेगळी वाट धरली होती. जवान इथलेच, गोंडी-माडिया बोलणारे, पण रीतसर भरती झालेले, पगारी, प्रशिक्षित. १ मे २०१९ला जांभुळखेड्याच्या भूसुरुंगात पंधरा पोलिस गेले, तेव्हा त्यांच्या कुटुंबांची जबाबदारी शासनाला टाळता येणार नव्हती. मानधनावरच्या माणसाच्या बाबतीत ती टाळता येते, आणि म्हणून बंदुकीचे काम त्याच्याकडे कधीच जाऊ नये. इथे पोलिसांची हरकत मला शंभर टक्के मान्य आहे.

पण पोलिसांचे सगळेच काम बंदुकीचे नसते. मोहफुले किंवा तेंदूपाने वेचायला गेलेल्या माणसाला वाघाने मारले की तासाभरात गाव जंगलाच्या कडेला लोटते. मृतदेह झुडपात, वाघ कदाचित जवळच, नातेवाईक संतापलेले, आणि पंचनाम्याला आलेल्या वनरक्षकाला जमावाची भिंत. ताडोबाभोवतीच्या गावांत अशा वेळी प्राथमिक प्रतिसाद दलाची पोरे काठ्या-शिट्ट्या घेऊन पुढे होतात. लोक त्यांचे ऐकतात, कारण कोणी चुलतभाऊ असतो, कोणी शेजारी. पर्लकोटेला पूर येऊन भामरागड तुटते, तेव्हा पुलावर लोकांना थोपवायला, महाशिवरात्रीला मार्कंड्यात आणि चैत्रात चंद्रपूरच्या महाकाली यात्रेत रांगा सांभाळायला अशीच ओळखीची माणसे लागतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने साठेक साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली. बंदुकीचे काम ओसरेल तसे पोलिसांचे असे नागरी काम आता वाढतच जाणार.

दुसरी हरकत पोटाची आहे. पहाटे रस्त्यावर धावून पोलिस भरतीची तयारी करणाऱ्या पोराला स्वयंसेवक बनवून सरकार त्याची नोकरीच खाणार, ही भीती खरी आहे. होमगार्डचे उदाहरण समोर आहे. १९४६ मध्ये मुंबई प्रांतात स्वयंसेवी म्हणून सुरू झालेले हे दल आज कित्येक घरांचे पोट झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यांना कायम करण्यास नकार दिला, पण कर्तव्य भत्ता पोलिसाच्या किमान वेतनाच्या तोडीचा असावा असे सांगितले. महाराष्ट्रात तो ५७० वरून १,०८३ रुपये व्हायला २०२४ उजाडले. म्हणून नव्या दलातल्या माणसाला वर्षातले ठरावीक दिवसच बोलवावे, मंजूर पदांच्या हिशेबात त्याला धरू नये आणि ड्युटीवर जीव गेला तर विमा शिपायाइतकाच असावा, हे नियमातच लिहिलेले हवे.

तिसरी गोष्ट पोलिसांना कदाचित रुचणार नाही. या माणसाकडून खबर काढायची नाही. खबऱ्या ठरवून या जंगलात माणसे मारली गेली आहेत, पोलिस पाटीलसुद्धा. स्वयंसेवकाचे काम दिवसाउजेडी, गावासमोर चालले पाहिजे. आदिवासी स्वशासनाचा पेसा कायदा लागू असलेल्या क्षेत्रात त्याची निवड ठाणेदाराने न करता ग्रामसभेने करावी, आणि त्याला काढण्याचा ठरावही ग्रामसभेलाच करता यावा.