‘व्हेन’चा ‘तेव्हा’ कुठे गेला?

‘मॅडम, प्लीज वेट अनटिल आय डोन्ट कम.’

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आठला दहा कमी असताना हा मेसेज आला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून कराडात, स्टँडमागच्या गल्लीत, घराच्या पडवीतच मी मोठ्या माणसांची इंग्रजीची शिकवणी घेते. मेसेज पाठवणारा मुलगा औषधाच्या दुकानात काउंटरला असतो. एखाद्या इंग्रजाने हे वाक्य वाचलं असतं तर ‘मी येईनासा होईपर्यंत थांबा’ असा काहीतरी अर्थ लावून तो डोकं खाजवत बसला असता. मला एका झटक्यात कळलं, कारण त्या इंग्रजीच्या पोटात माझीच मराठी होती : मी येत नाही तोपर्यंत थांबा.

चौतीस वर्षं शाळेत हीच चूक मी लाल शाईने खोडली. का होते, हे सांगायला मात्र कधी बसले नाही. आता वेळ आहे.

‘तोपर्यंत’ म्हणताना मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर वाट पाहण्याचा सगळा काळ असतो. त्या काळात येणं घडलेलं नाही, म्हणून ‘नाही’ हवं. इंग्रजीचं ‘अनटिल’ त्या काळाच्या शेवटी रोवलेला खुंट दाखवतं, आणि खुंटापाशी तर येणं घडतंय. मग ‘डोन्ट’चं काय काम? गंमत म्हणजे मराठीतही हा खुंट आहे : ‘मी येईपर्यंत थांबा’. इथे ‘नाही’ आपोआप गळतं. वर्गात मी आता एवढंच सांगते की ‘अनटिल’ लिहायच्या आधी मनात ‘येईपर्यंत’ म्हणा. त्या मुलाला हे लगेच पटलं, कारण हायवेच्या कामावर आलेल्या, मराठी न येणाऱ्या एका इंजिनिअरला तो आदल्याच दिवशी ‘टिल फीवर इज नॉट गोइंग, टेक टॅबलेट’ असं सांगून बसला होता. ताप जात नाही तोपर्यंत गोळी! गिऱ्हाईक म्हणे नुसतंच बघत राहिलं.

‘अनलेस’चंही असंच. हा शब्द मुळात ‘ऑन लेस’, म्हणजे ‘याहून कमी अटीवर’ अशा अर्थाचा. नकार त्याच्या अंगातच मुरलेला आहे. ‘सांगितल्याशिवाय’ म्हटल्यावर आपण पुन्हा ‘नाही’ घालतो का?

शाळेत मी हे सगळं ‘रेन अँड मार्टिन’मधून शिकले आणि त्यातूनच शिकवलं. त्यातले रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही परदेशी पलटणीवरची कादंबरी १९२४ साली लिहिणारे पी. सी. रेन. ते मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. त्या पुस्तकात काळ, स्थळ, कारण, हेतू, परिणाम असे क्रियाविशेषण-वाक्यांचे कप्पे असत. मुलं कप्पे घडाघडा म्हणत आणि बाहेर पडल्यावर ‘अनटिल आय डोन्ट कम’ लिहीत. कप्पे चुकीचे होते असं नाही. पण क्रियापदाला दुसरं वाक्य नेमकं कशाने आणि कसं अडकतं, तो आकडा कुणी हातात घेऊन दाखवला नाही.

आपला आकडा दोन टोकांचा असतो. जेव्हा–तेव्हा, जिथे–तिथे, जसं–तसं, जर–तर, जरी–तरी. ‘ज’ने गौण वाक्य धरायचं, ‘त’ने मुख्य. बोलताना ‘ज’ खुशाल गाळतो (‘पाऊस थांबेल तेव्हा निघू’), पण ‘त’ सहसा सोडवत नाही. इंग्रजीत नेमकं उलटं : ‘व्हेन’ ठेवायचं आणि ‘देन’ची गरज नाही. म्हणून आपली माणसं ‘व्हेन द रेन स्टॉप्स, देन वी विल गो’ म्हणतात. हे फार तर जड वाटतं. ‘दो’नंतर ‘बट’ आणि कारण सांगणाऱ्या ‘अ‍ॅज’नंतर ‘सो’ घातलं की मात्र चूकच. ती सगळी आपल्या ‘तरी’ची आणि ‘म्हणून’ची पिलावळ.

इंग्रजीकडेही एकेकाळी ही जोडी होती. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘था’ असा एक शब्द होता आणि तोच ‘जेव्हा’ आणि तोच ‘तेव्हा’. दोन्ही वाक्यांच्या तोंडाशी ‘था’. मग कुठला ‘था’ कुठला हे कसं ओळखायचं? क्रियापदाच्या जागेवरून. मुख्य वाक्यात क्रियापद ‘था’ला चिकटून यायचं, गौण वाक्यात ते शेवटाकडे सरकायचं. ‘व्हेन’चा पूर्वज त्या काळी मुख्यतः प्रश्न विचारायचा, म्हणजे तो आपला ‘केव्हा’. पुढे ‘था’ मेला आणि त्याची अर्धी जबाबदारी या ‘केव्हा’च्या गळ्यात पडली. चॉसरच्या काळात त्याच्या जोडीला ‘दॅट’ही लावत, नंतर तेही झडलं.

फळ्यावर मी चार रांगा काढते. इथे, तिथे, कुठे, जिथे. शेजारी हिअर, देअर, व्हेअर, आणि चौथी जागा रिकामी. इंग्रजीला ‘ज’ नाही. ‘क’लाच दोन पाळ्या कराव्या लागतात.

त्यातून काय गोंधळ होतो बघा. ‘आय विल आस्क हिम व्हेन ही कम्स.’ तो आला की विचारीन. ‘आय विल आस्क हिम व्हेन ही विल कम.’ तो कधी येणार ते विचारीन. मराठीत ‘की’ आणि ‘कधी’ वेगळे, चुकायला जागाच नाही. इंग्रजीत दोन्हीकडे तोच ‘व्हेन’. पहिल्या वाक्यात तो क्रियापदाला वेळ जोडतो, दुसऱ्यात विचारायचा प्रश्नच पोटात घेऊन येतो. फरक सांगायला उरतं फक्त ते इवलंसं ‘विल’. ‘व्हेन’नंतर ‘विल’ घालू नका, असं आम्ही वर्षानुवर्षं दरडावत आलो. त्या नियमाने कामही भागतं, पण तो ‘जेव्हा’च्या पाळीतल्या ‘व्हेन’पुरता आहे हे सांगायचं राहिलं.

‘तो उद्या येणार, मग वर्तमानकाळ कसा?’ अंगणवाडीत काम करणाऱ्या एक बाई यावर दर वेळी भांडतात. मी त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवते : ‘मुलगा उद्या आला की सांगते.’ आला? अजून गाडीतही बसला नाही आणि तुम्ही त्याला भूतकाळात घालून मोकळ्या! मुख्य वाक्यात काळ एकदा सांगून झाला की जोडलेल्या वाक्याला तो पुन्हा सांगावा लागत नाही, दोन्ही भाषांत.

अशा जुळणाऱ्या जागा सापडल्या की मला फार आनंद होतो. ‘वन्स यू रीच, कॉल मी.’ ‘एकदा का तू पोचलास की फोन कर.’ इंग्रजीने ‘एकदा’लाच आकडा केलं, आपणही केलं. ‘नाऊ दॅट यू हॅव कम’ आणि ‘आता आलाच आहेस तर’ यांतही तेच. ‘लगेच’च्या बाबतीत मात्र वाटा फुटतात. ब्रिटनमधला माणूस ‘इमिजिएटली ही केम, आय लेफ्ट’ असं सहज म्हणतो. बोलण्यात ‘डायरेक्टली’ही असं वापरतात. अमेरिकनाला ते कानाला खटकतं. आपण ‘लगेच तो आला, मी निघाले’ म्हटलं तर जोड बसतच नाही. आपल्याला ‘आल्याबरोबर’ हवं.

खरं तर ‘आल्याबरोबर’ हीच आपली रोजची रीत. आल्यावर, येताना, आल्यापासून, येण्याआधी. अख्ख्या वाक्याचा एक शब्द करायचा आणि त्याला शेपूट लावायचं. इंग्रजीत ‘आफ्टर’च्या पाठीमागे पूर्ण वाक्य कर्त्यासकट उभं राहतं. आणि या ‘आफ्टर’ला व्याकरणाच्या पुस्तकात तीन नावं! पुढे नाम आलं तर शब्दयोगी, वाक्य आलं तर उभयान्वयी, काहीच नाही तर क्रियाविशेषण. डेन्मार्कचे ओटो येस्पर्सन १९२४ सालीच म्हणाले होते की एकाच शब्दाची अशी नावं बदलण्यात अर्थ नाही. क्रियापदापुढे कधी नाम येतं, कधी वाक्य, कधी काहीच नाही, म्हणून आपण त्याची जात बदलतो का? हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२च्या केंब्रिज व्याकरणाने ‘आफ्टर’, ‘बिफोर’ यांना सगळीकडे एकाच जातीत बसवलं. शाळांपर्यंत ते पोचलेलं नाही. त्याच्यानंतर, तो आल्यानंतर, नंतर ये : मराठी माणसाला त्यात नवल वाटणार नाही.

आणि ‘नो सूनर’! दहावीच्या वाक्यरूपांतराचं हे आराध्यदैवत. ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ काढा, ‘नो सूनर’ घाला. निम्मी मुलं पुढे ‘देन’ किंवा ‘व्हेन’ लिहीत, कारण ‘दॅन’ का हे कुणी सांगितलेलं नसे. ‘सूनर’ म्हणजे ‘अधिक लवकर’. अधिक म्हटलं की ‘पेक्षा’ हवंच. ‘घंटा वाजते न वाजते तोच मुलं पळाली’ हे त्याचं अस्सल मराठी रूप, आणि ते आपण रोज बोलतो. ‘नो सूनर’ रोज कोणी बोलत नाही. इंग्रज ‘द मिनिट’ म्हणतो, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ म्हणतो, नाहीतर साधं ‘व्हेन’. त्या एका रचनेवर मी किती तास घालवले, त्याचा हिशोब आता नको वाटतो.

तो मुलगा त्या दिवशी साडेआठला आला, भिजून. मी थांबले होते. काल त्याचा नवा मेसेज आला : ‘मॅडम, आय विल कम आफ्टर आय क्लोज द शॉप.’ वाक्य अगदी सरळ होतं. दुकान किती वाजता बंद करणार, तेवढं लिहायचं राहिलं होतं, म्हणून मी फोनच लावला.