कॉफी चिखलदऱ्याची, पैसा कोणाचा?

परतवाडा मागे टाकून घाट चढला की सुमारे अकराशे मीटर उंचीवर चिखलदरा लागते. वऱ्हाडातला पर्यटक इथे कॉफीची झुडपे पाहून हरखतो. ब्रिटिश काळात इथे आलेली ही कॉफी मरियमपूरच्या मिशनच्या परिसरात आणि वनखात्याच्या रोपवनात आजही तग धरून आहे. भारतात वर्षाला साधारण साडेतीन लाख टन कॉफी पिकते आणि त्यातली सुमारे ७० टक्के एकट्या कर्नाटकातली. त्या हिशेबात चिखलदऱ्याचे पीक नगण्य. तरीही चिखलदऱ्याभोवतीच्या मेळघाटातल्या छोट्या शेतकऱ्याला कॉफी लावावी का, असा प्रश्न पडला, तर आधी या पिकातला पैसा कुठे तयार होतो ते समजून घ्यायला हवे.

फळापासून कपापर्यंत

कॉफीचे फळ चणीबोराएवढे असते. एका झुडपावरची सगळी फळे एकदम पिकत नाहीत. वेचणाऱ्या बाईला त्याच झुडपाशी तीन-चार वेळा यावे लागते. लाल तेवढे तोडायचे, हिरवे राहू द्यायचे. तोडलेल्या फळाची साल लवकर काढली नाही, तर दाण्याला आंबूस वास लागतो. साल निघाली की दाण्यावर बुळबुळीत थर उरतो. तो आंबवून, धुऊन दाणा उन्हात वाळवायचा. ओलावा ११-१२ टक्क्यांवर आला की वरचे टरफल काढता येते. इतके केल्यावर सहा किलो फळांतून जेमतेम एक किलो हिरवा दाणा हाती येतो. भाजताना त्याचेही १५ ते २० टक्के वजन घटते.

आता कपाचा हिशेब करू. एका कपाला १० ग्रॅम पूड धरली, तर त्यासाठी १२ ग्रॅम हिरवा दाणा लागतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात अरेबिकाने पौंडाला चार डॉलरचा विक्रमी टप्पा ओलांडला. म्हणजे किलोला साडेसातशे रुपयांच्या वर. या चढ्या भावातही एका कपातल्या दाण्याची किंमत नऊ-दहा रुपयेच होते. शहरातल्या कॅफेत तोच कप शे-दीडशेला मिळतो. मधला पैसा भाजणी, पॅकिंग, जागेचे भाडे, दूध-साखर, पगार, कर आणि नाममुद्रा यांत जातो. यातला बराचसा खर्च खरा आहे. पण त्या साखळीत शेतकरी कुठेच नसतो, हे दुखणे आहे.

कापसाने शिकवलेले

वऱ्हाडी माणसाला हे नवे नाही. क्विंटलभर कापसातून ३४ किलोच्या आसपास रुई निघते. ती सूत होऊन, कापड होऊन कुठल्या कुठे जाते आणि शेतकऱ्याचा संबंध जिनिंगच्या फाटकाशीच संपतो. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. कॉफीत तसा प्रयोग त्याही आधीचा. १९४२ च्या कायद्याने कॉफी बोर्ड आले आणि बागायतदाराने माल बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यायचा, पैसे हप्त्याहप्त्याने घ्यायचे, अशी पद्धत बसली. नव्वदच्या दशकात ती मोडली. त्याआधी, १९८९ मध्ये, आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची निर्यातकोट्याची व्यवस्थाही कोसळली होती. आज भाव न्यूयॉर्क-लंडनात ठरतो आणि कॉफीला हमीभाव नाही. देशातले ९८ टक्क्यांहून अधिक बागायतदार दहा हेक्टरांच्या आतले. भाव पडला की आधी तेच भरडले जातात.

चिखलदऱ्यात अडचणी आणखी आहेत. दक्षिणेत मार्च-एप्रिलच्या सरींवर कॉफी फुलते. मेळघाटात त्या वेळी पावसाची खात्री नसते आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच मारामार असते. रोप लावल्यावर पहिले पीक यायला तीन-चार वर्षे जातात. तोवर इथल्या कोरकू आदिवासी कुटुंबाने खायचे काय? त्यामुळे 'कॉफी लावा, श्रीमंत व्हा' असे कोणी सांगू लागला तर ती फसवणूक आहे.

गिऱ्हाईक दारात

तरी चिखलदऱ्याकडे एक मोठी जमेची बाजू आहे. इथे गिऱ्हाईक स्वतः घाट चढून येते. कर्नाटकातल्या कोडगूच्या छोट्या बागायतदाराचा माल व्यापाऱ्याकडून निर्यातदाराकडे जातो. इथल्या माणसाला तो दाणा धुऊन, भाजून, दळून त्याच गावात विकता येईल. थोड्या मालातही पैसा उभा राहू शकतो, तो इथे.

याचा धडा जवळच आहे. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरच्या ग्रामसभेने सामूहिक वनहक्क मिळाल्यावर जंगलातली सीताफळे स्वतः निवडून, खोक्यांत भरून विकली. दूर आंध्रातल्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासींच्या अरेबिकाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या कॉफीचे दुकान २०१७ मध्येच पॅरिसमध्ये उघडले होते.

म्हणून मेळघाटात कॉफीची योजना आखायची, तर रोपवाटपाने सुरुवात करू नये. आधी साल काढण्याचे यंत्र, वाळवण्याचे ओटे आणि भाजणीची लहान भट्टी यावी. ती ग्रामसभेच्या किंवा बचत गटाच्या मालकीची असावी. चिखलदऱ्यातल्या हॉटेलांनी तिथली पूड आधी ठरलेल्या भावाने घ्यावी. रोपे त्यानंतर, सोयाबीन-मक्याची शेते न मोडता, बांधावरच्या सावलीत लावावीत. वऱ्हाडाने कच्चा माल पाठवून दीडशे वर्षे पाहिली आहेत. त्याच वाटेने आणखी एक पीक पाठवण्यात अर्थ नाही.